चार रुपये पंचेचाळीस पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट आणि बिस्किटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या दुकानात ‘४ रुपये ४५ पैसे’ अशी किंमत छापलेले बिस्किटाचे पुडे येऊन पडले. हिशेब बिनचूक होता, कारण पाच रुपयांतून उतरलेला कर वजा केला की एवढीच रक्कम उरते. अडचण वेगळीच होती. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत, आणि ५० पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी आमच्या बाजारात ते कोणी हातात घेत नाही. मग पाचाचे नाणे घेऊन आलेल्या पोराला मी वरचे पंचावन्न पैसे कशाने परत करायचे? फोनवरून पैसे देणाऱ्यांचे निभावले, पण पाच रुपयांचा पुडा घेणारे गिऱ्हाईक बहुतेक नाणेच घेऊन येते.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका गावात वडिलांनी थाटलेले किराणा दुकान मी चालवतो. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यात जाहिराती, नट-नट्या आणि बाजारातील हिश्शाची टक्केवारी असते. काउंटरच्या अलीकडून पाहिले तर मला मात्र ही लढाई गिऱ्हाइकाच्या मुठीत कोणते नाणे आहे, त्याभोवतीच फिरताना दिसते. नाण्याला बसेल तो माल खपतो, आणि नाणे बदलता येत नसल्याने कंपनी माल बदलते.

याची सुरुवात माझ्या लहानपणाच्याही आधीची आहे. गुजरात सरकारच्या खाण व भूगर्भ खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरीच निरमा ही धुण्याची पिवळी पावडर बनवून ती सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. हिंदुस्तान लिव्हरच्या सर्फ पावडरीचा भाव तेव्हा निरमाच्या कितीतरी पट होता. या बलाढ्य कंपनीने बराच काळ निरमाला खिजगणतीतही धरले नाही, कारण हे गिऱ्हाईक आपले नव्हेच, ते साबणाच्या वडीवर आणि राखेवर भागवणारे आहे, असा त्यांचा समज असावा. तो समज किती महागात पडला हे उमगल्यावर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सर्फचा भाव न उतरवता व्हील नावाची वेगळी, स्वस्त पावडर आणली. ही चाल मला फार शहाणपणाची वाटते, कारण महागडा माल स्वस्त केला असता तर जुने गिऱ्हाईकही खालच्या भावाला सवकले असते. पुढे कानपूरहून आलेल्या घडी पावडरीने ‘पहले इस्तेमाल करें, फिर विश्वास करें’ म्हणत या दोघांच्याही भाकरीचा तुकडा मोडला.

गंमत अशी, की आमच्या गावात आजही धुण्याच्या कोणत्याही पावडरीला ‘निरमा’ म्हणतात. बाई ‘निरमा द्या’ म्हणते, मी दुसऱ्याच कंपनीची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवतो, तेव्हा ती भाव पाहते, नाव पाहत नाही, आणि निमूटपणे पिशवी घेऊन जाते. नाव जिंकले आणि विक्री दुसऱ्याच्या घरी गेली, असे हे विचित्र यश आहे.

शॅम्पूचा इतिहास तर पुडीचाच इतिहास आहे. तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी ‘बाटली परवडत नाही त्याला पुडी द्यावी’ ही कल्पना आधी रुजवली, आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांवर वेगळा संसार मांडून चिक शॅम्पू काढला. त्यांची एक योजना मला दुकानदार म्हणून फार आवडते. कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि चिकची एक भरलेली पुडी फुकट न्या, असे त्यांनी सुरुवातीला सांगितले. लोकांना सवय लागल्यावर मात्र फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या घ्यायला लागले. म्हणजे दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला आधी आपल्या दारात आणायचे आणि मग दार आतून लावून घ्यायचे. पुढे त्यांनी पन्नास पैशांचीही पुडी काढली आणि मोठ्या कंपन्यांना त्यांच्यामागे धावावे लागले.

आज माझ्या काउंटरवर खिळ्याला पुड्यांच्या सात-आठ माळा लटकलेल्या असतात आणि शेजारी दोरीला कात्री बांधलेली असते. बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरीचा हप्ता झाला की संध्याकाळी त्या कात्रीला उसंत नसते. शहरातली माणसे म्हणतात, की पुडीपेक्षा बाटलीच स्वस्त पडते. कधी पडते, कधी पडतही नाही. पण ज्या घरात पैसा आठवड्याला येतो आणि आठवड्यालाच संपतो, तिथे महिनाभराचा शॅम्पू घरात आणून ठेवणे म्हणजे किराण्याचे पैसे बाटलीत कोंडून ठेवण्यासारखे आहे.

किंमत नाण्याला खिळली, की मग सगळा भार ग्रॅमवर येतो. गहू महागला, साखर महागली, पामतेल महागले, तरी पुड्यावरचा आकडा तोच राहतो आणि आतला माल गुपचूप कमी होतो. पार्ले-जीचा छोटा पुडा कितीतरी वर्षे चार रुपयांवर टिकून होता आणि त्या काळात त्याचे वजन पायरीपायरीने उतरत गेले. वजन पुड्यावर छापलेले असतेच, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण ते वाचायला दुकानात थांबतो कोण?

तरीही एक वर्ग आहे, ज्याला वाचावे लागत नाही. आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. दिवसभर वेचलेला कापूस सांजेला काट्यावर चढतो, आणि वर्षानुवर्षे आपले गाठोडे काट्यावर किती भरेल याचा अंदाज बांधणाऱ्या या बायांच्या हातात जणू काटाच बसलेला असतो. पुडा पाच ग्रॅमने उतरला तरी त्या लगेच हातावर तोलून माझ्याकडे बघतात, जणू मीच आतली दोन बिस्किटे खाल्ली!

उन्हाळ्यात हाच खेळ थंड पेयांत सुरू होतो. रिलायन्सने कॅम्पा हे जुने नाव विकत घेऊन २०२३ मध्ये ते पुन्हा बाजारात आणले आणि २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना ठेवली. पारा पंचेचाळिसावर गेलेला असताना दहाचे नाणे घेऊन आलेला पोरगा कोणत्या बाटलीकडे हात करील, हे सांगायला कोणी सल्लागार लागत नाही. जुन्या कंपन्यांनाही मग दहाच्या नाण्याकडे वळून बघावे लागले.

दुकानदाराच्या वाट्याला या लढाईतून काय येते, तर स्कीम. बारा पेट्यांवर एक फुकट, अमुक माल घेतला तरच तमुक मिळेल, काउंटरवर डोळ्यांसमोर जागा द्या. एका कंपनीच्या सेल्समनने महिनाअखेरीला टार्गेट भरण्यासाठी गळ्यात मारलेले क्रीमचे दोन बॉक्स मुदत उलटूनही एजन्सीने परत घेतले नाहीत. ते अजून माळ्यावर आहेत, आणि दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीत आई ते मला दाखवते.

त्या ४ रुपये ४५ पैशांच्या पुड्यांचे मी शेवटी असे केले, की दोन पुडे घेणाऱ्याला एक रुपया परत द्यायचा आणि एकच घेणाऱ्याला एक चॉकलेट. पण चॉकलेटच्या पाकिटावरही ८८ पैसे छापून आले होते, त्यामुळे दोन्हीकडून माझाच हिशेब चुकत राहिला. काही आठवड्यांनी मात्र पुन्हा पाच रुपये छापलेले पुडे आले. नाणे जिंकले होते; कराचा फायदा आता ग्रॅमच्या रूपाने आत भरला होता.

वेचणीहून परतलेल्या एका मावशीने त्यातला पहिला पुडा उचलला, सवयीप्रमाणे तळहातावर खालीवर केला आणि थांबली.

“बाबू, आज पुडा जड लागून राह्यला. काहून जी?”

मी सांगितले, की सरकारने कर कमी केला म्हणून कंपनीने वजन वाढवले.

तिने पाचाचे नाणे काउंटरवर ठेवले आणि पुडा ओच्यात टाकता टाकता म्हणाली, “संक्रांत होऊ दे, मंग पाह्यजो.”