रीलोडिंग : पहिली पन्नास काडतुसं आणि त्याआधीची खरेदी

रीलोडिंग म्हणजे उडालेल्या पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी घालून काडतूस घरीच पुन्हा भरणं. परवा रात्री पन्नासावं काडतूस डब्यात ठेवलं आणि वहीत तारीख घातली. .308 विंचेस्टर हे रायफलचं काडतूस, 168 ग्रेन वजनाची, स्पर्धेसाठीची मॅच गोळी, पुंगळ्या माझ्याच रायफलमधून एकदा उडालेल्या. ओहायोतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये जानेवारीत बाक ठोकला, तेव्हापासून हे चाललं होतं. पन्नास काडतुसांना तीन महिने जास्त वाटतील. पण त्यातले दोन महिने काय घ्यायचं हे ठरवण्यातच गेले, आणि ते सार्थकी लागले असं मला वाटतं. इथे शूटिंग करणारे आपले लोक हल्ली हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. भरून विकायची म्हटलं की लागतो. राज्याचे, गावाचे नियम ज्याने त्याने पाहावेत. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडे कुणी याच्या वाटेला जाऊ नये.

माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडे तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक सुवर्ण जिंकलं तेव्हापासून घराघरात रायफल माहीत झाली, आणि 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून कांस्य आणलं तेव्हा तर काय सांगावं. भाचा फोनवर विचारतो, "मावशी, तू स्वप्नीलसारख्याच गोळ्या भरतेस का?" नाही. त्यांची 50 मीटरची रायफल .22 रिमफायर. तिच्यात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं, घोडा पडला की ती कड चेपते आणि पुंगळी कायमची बाद होते. रीलोडिंग होतं ते सेंटरफायरचं, म्हणजे बुडाच्या मधोमध बसणारा वेगळा प्रायमर असलेल्या पुंगळीचं. त्यातही बॉक्सर पद्धतीचीच घ्यावी. तिच्यात मधे एकच भोक असतं, त्यामुळे डायमधली, म्हणजे पुंगळीला मूळ मापावर आणणाऱ्या पोलादी साच्यातली, पिन जुना प्रायमर सरळ बाहेर ढकलते. बर्डन पुंगळीला दोन भोकं असतात आणि ती मधोमध नसतात, तिथे ही पिन चालत नाही. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चाललं ते बॉक्सरचं.

आता प्रेस, म्हणजे दांडा ओढून पुंगळी डायमध्ये दाबणारं यंत्र. दुकानात गेलं की पहिली नजर जाते प्रोग्रेसिव्ह प्रेसकडे. दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस. पण त्या एका ओढीत चार-पाच ठिकाणी चार-पाच कामं होत असतात, आणि नवख्या माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी राहतं. मी सिंगल-स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा घेतला, आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर, क्लबमधल्या एका आजोबांकडून जुना, नव्वद डॉलरला. बिडाचा आहे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत मी वाढले, बीड हाताला लागलं की कळतं. दांड्याला खेळ नाही, पुंगळी वर नेणारा रॅम सरळ जातो, आणि डायचे आटे सात-अष्टमांश इंची, इंचाला चौदा, म्हणजे हॉर्नाडी, ली, लायमन कुणाचीही नेहमीची डाय यात बसते. असा प्रेस जुना घ्यायला काहीच हरकत नाही. बाक मात्र भिंतीला बोल्टनं आवळा.

सिंगल-स्टेजवर पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांचं एक काम संपवायचं, मग पुढचं. पन्नास साइझ केल्या, म्हणजे डायमधून मूळ मापावर आणल्या, पन्नास मोजल्या, पन्नासांत प्रायमर बसवले. दारू भरून झाली की लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या पन्नास तोंडांत बॅटरीचा उजेड टाकून पातळी बघायची. एखादी रिकामी राहिली की लगेच दिसते. ती दिसली नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. .308 मध्ये साधारणपणे दारू पुंगळीचा बराच भाग भरते, दुप्पट पडली तर ओसंडून बाहेर येते. रिव्हॉल्व्हरच्या .38 स्पेशलचं तसं नाही. तिथे जलद जळणारी दारू इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी आत मावते आणि वरून पटकन कळत नाही. माझी एक मैत्रीण रिव्हॉल्व्हरपासून सुरुवात करते आहे, तिला मी हेच पहिलं सांगितलं. तिला एक सोय आहे : सरळ पुंगळीसाठी कार्बाइडची डाय मिळते, वंगण लागत नाही. आम्हा बाटलीच्या आकाराच्या पुंगळीवाल्यांना ते लागतंच.

आणि तिथेच माझं चुकलं. फेब्रुवारीतली अकरावी पुंगळी. लॅनोलिन आणि अल्कोहोलच्या वंगणाचा फवारा मारला, पण एकाच बाजूनं, आणि अल्कोहोल उडून जाण्याची वाट न बघता पुंगळी डायमध्ये ढकलली. दांडा खाली जाताना जड लागला. तिथेच थांबायला हवं होतं. मी जोर लावला. वर घेताना खट्कन आवाज आला : पुंगळी बुडाशी धरून ठेवणाऱ्या शेलहोल्डरनं बुडाची कड ओरबाडून काढली होती आणि पुंगळी डायमध्ये रुतून बसली होती. प्रायमर आधीच निघालेला होता. डाय उतरवली, आतला दांडा आणि पिन होईल तेवढी सैल केली, प्रायमरच्या खोबणीतून भोक पाडलं, त्यात पाव इंची आटे पाडले, बोल्ट घातला, वर सॉकेट ठेवून वॉशरच्या आधारानं पाना फिरवत गेले. पितळ कुरकुरत अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर आलं. डायला ओरखडा नाही, पण दीड तास गेला. आता वंगण मारून पुंगळ्या ताटलीत गोल फिरवते, पाच मिनिटं थांबते, मग पहिलीला हात लावते. पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तिथे, वंगण जास्त झालं तर तिथे खळगा पडतो, तेही पाहिलं.

काट्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, आणि पैसे कमी असतील तर बाकी सगळ्यात काटकसर करा, काट्यात नको, असं माझं ठाम मत आहे. दारू मोजतात ग्रेनमध्ये. पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम 65 मिलिग्रॅम, आणि आपल्याला मोजायचा असतो ग्रेनचा दहावा भाग. हे माप आपल्याला परकं नाही. जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा. माझी 168 ग्रेनची गोळी त्या तोळ्याहून थोडी हलकी आणि हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याहून थोडी जड. आजोळी गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मामांच्या पेढीवर काचेच्या पेटीत तराजू असायचा. वजन करताना मामा पंखा बंद करायला लावायचे आणि आम्हा पोरांना श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगायचे. बेसमेंटमध्ये पहिल्या दिवशी काटा शून्यावर ठरेना तेव्हा मला मामाच आठवले. वर पाहिलं तर हीटिंगची जाळी बरोबर बाकावर. जाळी बंद केली, काटा ठरला.

मी दांडीचा काटा घेतला, चुंबकानं डोलणं थांबवणारा. सोबत तपासणीच्या वजनांचा संच. इलेक्ट्रॉनिक काटा वाईट नाही, पण तो गरम होईपर्यंत आकडा सरकतो आणि सरकला हे कळायला तीच वजनं लागतात. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन ठेवून बघते, वहीत लिहिते.

दारू किती घालायची याचा एकही आकडा मी इथे देणार नाही आणि कुणी दिला तरी घेऊ नका. लायमन किंवा हॉर्नाडीचं ताजं पुस्तक घ्या, आपली नेमकी गोळी आणि नेमकी दारू त्यात शोधा, आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. उरलेली काम संपताच त्याच डब्यात परत, मूळ लेबलसकट.

बाकीचं थोडक्यात. लांबी मोजायला कॅलिपर हवाच : .308 ची पुंगळी 2.015 इंचाहून लांब चालत नाही, आणि साइझ केल्यावर माझ्या पन्नासांतल्या बारा लांब निघाल्या. त्या हातट्रिमरनं 2.005 वर आणल्या, तोंडाची धार आतून-बाहेरून मोडली. प्रायमर बसवायला हातात धरायचं साधन घेतलं, कारण तो तळाला टेकतो ते अंगठ्याला कळतं. संरक्षक चष्मा पहिल्या दिवसापासून.

पुंगळ्या धुण्याबद्दल मात्र आयांनी आणि बाबांनी नीट ऐकावं. प्रायमरच्या मिश्रणात शिसं असतं. अक्रोडाच्या भुशात कोरड्या घासल्या की ती धूळ हवेत उडते. घरी सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून मी पाण्यात, स्टीलच्या बारीक पिनांसोबत फिरवणारं यंत्र घेतलं, आणि ते पाणी स्वयंपाकघरात येत नाही. बाकावर खाणंपिणं नाही. वर येताना हात थंड पाण्यानं आणि साबणानं धुवायचे, कपडे वेगळे. दारू आणि प्रायमर कुलूपबंद लाकडी कपाटात, भट्टी आणि गीझरपासून लांब. अग्निसुरक्षेच्या इथल्या राष्ट्रीय मानकानुसार घरात मूळ डब्यांत 20 पौंड दारू आणि 10,000 प्रायमर ही मर्यादा आहे. माझ्याकडे एक पौंड आणि पाचशे आहेत, वर्षभर पुरतील.

काल रेंजवर खालच्या आकड्याची पाच झाडली. धोक्याची एकही खूण नव्हती : प्रायमरच्या कडा गोल राहिल्या होत्या, बोल्ट सहज उचलला गेला, पुंगळीच्या बुडाजवळ चकाकती रेघ नाही. शंभर यार्डांवर पाचही भोकं दीड इंचात. दुकानातल्या काडतुसांनीही माझी भोकं साधारण तेवढ्यातच पडतात. पुढच्या पाच-पाचच्या पुड्या वहीतल्या क्रमानं लेबल लावून ठेवल्या आहेत. गोळीचा वेग मोजायला क्लबमधले आजोबा शनिवारी त्यांचा क्रोनोग्राफ आणणार आहेत.