पहिला भाग कपाटात होता

मालिकेचा पहिला भाग मिळेपर्यंत दुसरा उघडू नये, असं बरेच जण सांगतात. आमच्या तालुक्यात हा सल्ला पाळायचा ठरवलं तर वाचनच बंद पडेल. भालचंद्र नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय, म्हणजे चार कादंबऱ्यांची मालिका, मी तिसऱ्या भागापासून वाचलं आणि पहिला भाग सगळ्यांत शेवटी. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. राग आहे तो वेगळाच. पहिला भाग ग्रंथालयात होता, तरी मिळत नव्हता.

आधी क्रम सांगतो, कारण तो शोधायलाच मला त्रास पडला. बिढार, हूल, जरीला, झूल. ग्रंथालयातल्या प्रतींना रेक्झिनचं बाइंडिंग केलेलं, मूळ मुखपृष्ठं गेलेली. पहिल्या आवृत्तीचं साल पाहून क्रम लावावा, तर बिढार आणि हूल दोन्ही 1975 च्याच. जरीला 1977 ची, झूल 1979 ची. शेवटी गावातल्या एका निवृत्त सरांनी क्रम सांगितला. तोवर जरीला माझी अर्धी वाचून झाली होती.

आणि काही अडत नव्हतं. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक, परकं गाव, तिथलं कॉलेज, संस्थेतलं राजकारण. आमच्याकडचं एखादं कॉलेज ज्यानं आतून पाहिलंय त्याला हे समजायला मागचा भाग लागत नाही. त्यानंतर झूल वाचली, मग हूल. राहिली बिढार.

देवघेवीच्या टेबलावर विचारलं तर ग्रंथपालकाकांनी दाखल नोंदवही काढली. त्यात चारही नावं एकाखाली एक, दाखल क्रमांक, किंमत, सगळं व्यवस्थित. बिढारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हाय ना भाऊ. आतल्या कपाटात हाय. पण चावी सचिवसाहेबांजवळ असते."

"मंग त्याईले मागा ना, काका."

"ते नागपूरले गेले. पुढच्या हप्त्यात या."

पुढच्या हप्त्यात सचिव होते, पण पुस्तक मोजणी चालू होती. त्यानंतर मोजणी झाली, तर तपासणी यायची होती. तपासणी होऊन गेली, तर चावी सापडेना. ग्रंथालय संध्याकाळी पाचला उघडतं आणि आमच्या गावाची शेवटची एसटी साडेसहाला. म्हणजे सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत वावरातलं काम अर्धवट टाकून जायचं, टेबलापुढं उभं राहायचं, तेच उत्तर ऐकायचं आणि स्टँडकडं पळायचं. त्या स्टीलच्या कपाटाला काच होती. काचेतून रेक्झिनची पाठ दिसायची आणि तिच्यावर पांढऱ्या शाईनं लिहिलेला क्रमांक वाचता यायचा. पुस्तक हातभर अंतरावर आणि मध्ये एक कुलूप! घरी येईपर्यंत डोकं तापलेलं असायचं.

लोक म्हणाले, विकत घे. का घ्यायचं? ग्रंथालय शासनमान्य आहे, त्याला परिरक्षण अनुदान, म्हणजे चालवण्यासाठी सरकारी पैसा, मिळतं, मी वर्गणी आणि अनामत दोन्ही भरलेली आहे. पुस्तक वाचकासाठी घेतलंय, तपासणीत दाखवण्यासाठी नाही. ग्रंथपालकाकांवर मात्र माझा राग नाही. पुस्तक हरवलं की किंमत त्यांच्या तुटपुंज्या मानधनातून कापायची, असा तिथला रिवाज. मग माणूस जुनी, दुर्मीळ वाटणारी पुस्तकं कुलपात ठेवणारच. राग आहे तो हा रिवाज चालवणाऱ्या कार्यकारिणीवर.

शेवटी कामी आला लेखी अर्ज. साध्या कागदावर सचिवांच्या नावे लिहिला. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, माझा सभासद क्रमांक, कोणकोणत्या तारखांना येऊन गेलो ते. खाली एक ओळ: प्रत माहितीसाठी, जिल्हा ग्रंथालय अधिकारी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. ही पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, कारण तोंडी मागणीची नोंद कुठंच राहत नाही. त्या ओळीनं जे काम केलं ते माझ्या सगळ्या हेलपाट्यांनी केलं नव्हतं. चावी सापडली. काकांनी बिढार हातात दिली तेव्हा तेही माझ्याइतकेच मोकळे झालेले दिसले.

आता बिढारबद्दल. मी ती शेवटी वाचली आणि मला वाटतं ती त्यामुळं जास्त लागली. मुंबईतला तरुण चांगदेव, मित्रांची गर्दी, साहित्याची स्वप्नं, आजारपण. पुढच्या गावांत हा किती एकटा पडत जाणार, हे मला आधीच ठाऊक होतं. क्रमानं वाचणाऱ्याला त्या मैफली आनंदाच्या वाटत असतील, मला त्या वाचताना गलबलून येत होतं. एका बैठकीत मित्र तावातावानं बोलताहेत आणि मी पान उलटायचा थांबलो, हे अजून आठवतं.

एक गोष्ट मघाशी राहिली. नेमाड्यांचीच ‘कोसला’ आधी वाचायला हवी का, असं मला दोघातिघांनी विचारलं. नको. ती 1963 ची, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, ती या चौघींत येत नाही. 2010 ची ‘हिंदू’ही वेगळी, खंडेरावाची. झूल तेवढी पहिल्यांदा घेऊ नका. बाकी कुठूनही शिरलात तरी चालेल. आणि तालुक्याला अगदीच दाद लागत नसेल, तर अमरावती आणि नागपूरला शासकीय विभागीय ग्रंथालयं आहेत, तिकडं जाणाऱ्या कुणाला तरी चौकशी करायला सांगा.

आमच्याकडं आता चारही भाग उघड्या मांडणीवर आले आहेत, त्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागला. बिढार सध्या शेजारच्या गावातल्या एका मुलीकडं आहे. हूल जाग्यावर आहे, घेऊन जा.