लाकूड, शिंग आणि चामडं: अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या मुठी आणि होल्स्टरांचा नाद

टेक्सासमधल्या कुठल्याही 'गन शो'त पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस ओळीने मांडलेल्या बंदुकाच बघत राहतो. त्यात नवल नाही, आपल्याकडे एवढ्या बंदुका फक्त पोलिसांच्या दसऱ्याच्या शस्त्रपूजनात दिसतात. पण जुनी जाणती गिऱ्हाइकं वेगळ्याच टेबलांभोवती रेंगाळतात. तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांत रिव्हॉल्व्हरच्या सुट्या लाकडी मुठी भरलेल्या असतात आणि मागच्या जाळीवर हाताने शिवलेली चामडी होल्स्टरं, म्हणजे कमरेला बंदूक अडकवायची म्यानं, टांगलेली असतात. बंदूक दुकानातून घ्यायची तर फॉर्म आणि तपासणी आली. मूठ आणि होल्स्टर केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक नव्हेत, त्यामुळे ते सरळ टपालाने घरी येतात.

हा नाद रिव्हॉल्व्हरवाल्यांनाच जास्त का, याचं उत्तर यंत्रात आहे. पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांचं मॅगझिन बसतं. मुठीचा आकार मॅगझिननेच ठरवून टाकलेला असतो, वर फार तर दोन पातळ पट्ट्या बदलता येतात. रिव्हॉल्व्हरची काडतुसं वर फिरत्या सिलिंडरमध्ये असतात. खाली राहते फक्त पोलादाची एक अरुंद चौकट आणि तिच्यात घोड्याची स्प्रिंग. त्या चौकटीभोवती लाकडाचा जवळपास हवा तो आकार चढवता येतो. रूगरच्या जीपी १०० मध्ये तर चौकटही नाही, नुसता एक छोटा खुंट आहे, त्यामुळे मूठ घडवणाऱ्याला आणखी मोकळं रान. याउलट १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये मुठीची पुढची-मागची कड पोलादाचीच असते. तिथे लाकूड फक्त मधल्या जागेत भरायचं.

कारखाना सरासरी हाताला बसेल अशी मूठ बनवतो, आणि सरासरी हात कोणाचाच नसतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरांच्या बारीक लाकडी मुठी घ्या. दिसायला देखण्या, पण ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, मागे एक पोकळी सुटते आणि गोळी सुटली की गार्ड येऊन मधल्या बोटाच्या पेरावर आदळतो. 'टायलर टी-ग्रिप' नावाचा धातूचा छोटा तुकडा ही पोकळी भरायलाच निघाला. मूळ मुठी न बदलता तो आजही बसवतात, आणि लहान काडतुसांसाठी तेवढा पुरतो.

मूठ निवडताना पहिला प्रश्न ट्रिगरपर्यंतच्या पोचेचा. रिव्हॉल्व्हर हातात नीट धरल्यावर नळी कोपराच्या रेषेत आली पाहिजे आणि तर्जनीचं टोक किंवा पहिलं पेर ट्रिगरवर सहज टेकलं पाहिजे. त्यासाठी मूठ फिरवून धरावी लागत असेल, तर ती आपल्या हाताची नाही. मुठीने मागची पोलादी कड झाकली तर जेवढी जाडी वाढेल तेवढी पोच लांबते. म्हणून लहान हाताला मागची कड उघडी ठेवणारी मूठ बरी. ४४ मॅग्नमसारख्या जबर काडतुसाचा दणका असेल तर गणित उलटतं. उघडं पोलाद तळव्यात रुततं, तिथे कड झाकणारी रबरी मूठच शहाणपणाची, मग ती कितीही कुरूप दिसो.

दुसरी गोष्ट हौशी गिऱ्हाईक हमखास विसरतं. मुठीच्या डाव्या बाजूच्या फळीचा वरचा भाग खोलवर कोरलेला हवा. सिलिंडर डावीकडे उघडतो. फळी तिथे जाड असेल तर रिकामी पुंगळी बाहेर पडताना तिच्यावर अडते आणि कधी कधी घसरून पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली जाऊन बसते. रिव्हॉल्व्हरच्या दुखण्यांत हे सर्वांत वाईट, कारण सिलिंडर ना पुरता मिटतो ना पुंगळी बोटाने सहज निघते. सहा काडतुसं एकदम भरणारा स्पीडलोडरही याच जागी अडतो. टेबलावर सुंदर दिसणाऱ्या जाडजूड मुठींपैकी कितीतरी इथेच नापास होतात. बोटांसाठी खाचा असलेल्या मुठींबद्दलही आमचं मत कडवट आहे. खाचा आपल्या बोटांच्या मापाच्या असतील तर उत्तम, नाहीतर बोटं बरोबर उंचवट्यांवर येतात. माप न देता घ्यायची असेल तर सपाट मूठ घ्यावी.

मागणी नोंदवताना चौकटीचं अक्षर सांगावं लागतं. स्मिथ अँड वेसनमध्ये 'जे' लहान, 'के' आणि 'एल' मध्यम, 'एन' मोठी. के आणि एल यांची मुठीची चौकट एकच. त्यातही बुडाचे दोन प्रकार, गोल आणि चौकोनी. गोल बुडावर चौकोनी आकाराची मूठ बसवता येते, कारण जास्तीची जागा लाकडाने भरून निघते. चौकोनी बुडावर गोल मूठ बसत नाही, पोलादच आडवं येतं. जुन्या खोक्यांतून स्वस्तात उचललेल्या मुठी घरी येऊन पडून राहतात त्या बहुधा यामुळे.

आता लाकूड. अक्रोड हे इथलं नेहमीचं, हलकं आणि कोरायला सोपं. त्यावरच्या जाळीदार कोरीव रेघा इंचाला १८ ते २२ असतात. त्याहून बारीक केल्या तर देखण्या दिसतात, पण पकड कमी होते. कोकोबोलो आणि आपली शिसवी एकाच डालबर्जिया वंशातली. सह्याद्रीतल्या शिसवीचे वाडे आणि पलंग पाहिलेल्यांना त्या रंगाचं वेगळं कौतुक सांगायला नको. २०१७ पासून हा अख्खा वंश आंतरराष्ट्रीय व्यापारनियमांच्या यादीत असल्यामुळे सीमेपलीकडून लाकूड मागवताना कागद बघावे लागतात. कोकोबोलो मुळात तेलकट असतं. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं नाही तर गोंद धरत नाही, आणि जवसासारखं तेल वर लावलं तर वाळता वाळत नाही. त्याचा भुसा अंगावर पुरळ आणतो. मास्क आणि लांब बाह्या हव्यातच.

शिंगाच्या मुठींत सर्वांत मान सांबराच्या शिंगाला. ते भरीव असतं, आतला सच्छिद्र गाभा लहान. इथल्या एल्क हरणाच्या शिंगात गाभा मोठा, त्यामुळे फळी पातळ केली की मऊ जाळीच उघडी पडते. शिंगाची सगळी शोभा बाहेरच्या खरबरीत सालीत असते आणि ती घासून आकार देता येत नाही. म्हणून कारागीर दोन्ही बाजूंसाठी सारख्या वळणाची, सारख्या रंगाची जोडी शोधण्यातच बराच वेळ घालवतो. भारताने सांबरशिंगाची निर्यात बंद केल्यापासून इथे जुन्या साठ्यातल्या फळ्यांना भाव आहे. हस्तिदंताची गोष्ट याहून कडक. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या कोल्टवर हस्तिदंती मुठी होत्या हे इथे शाळकरी पोरंही सांगतात, पण २०१६ पासून अमेरिकेत आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. नव्या 'हस्तिदंती' मुठी बहुतेक रेझिनच्या असतात, आणि त्यात वाईट काही नाही.

कारागिरी ओळखायची ती लाकूड आणि पोलादाच्या सांध्यावरून. स्मिथच्या चौकटीत खाली एक आडवी पिन असते. फळीतलं भोक तिच्यावर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक गोळीगणिक फळी सरकते आणि स्क्रूपाशी तडकते. बसवताना चौकटीला काजळीसारखा रंग लावून फळी दाबतात, जिथे डाग उमटतो तेवढंच खरवडतात, पुन्हा दाबतात. तो डाग सगळीकडे सारखा येईपर्यंत हे चालू राहतं. लाकूड सहा ते आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं हवं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ते आकसतं, ह्यूस्टनच्या दमट हवेत फुगतं. म्हणून स्क्रू आवळून घट्ट करणं हा उपाय नव्हे. घासणी २२० च्या कागदापासून ६०० पर्यंत, पोलादाला टेप लावून. नंतर तेलाचे पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. आणि बंदूक साफ करताना मुठी काढून ठेवाव्यात, नळी धुण्याचं द्रावण लाकडावरचा हात उतरवतं.

होल्स्टरचं चामडं समजायला कोल्हापुरी चप्पल आठवावी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं भिजवलं की वळतं आणि वाळलं की वळण धरून राहतं. होल्स्टरलाही वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलंच चामडं लागतं, नुसती साल बदलते. सेंट लुईसची हरमन ओक आणि पेन्सिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग ही इथली मानाची नावं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं जॅकेटला ठीक, होल्स्टरला नाही. ते साचा धरत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला खातात. जाडी औंसात मोजतात, एक औंस म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. मध्यम रिव्हॉल्व्हरला आठ ते नऊ औंस, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर. घोड्याचं कातडं याहून घट्ट, पातळ, आणि घामाला जास्त टिकणारं.

कागदावर रिव्हॉल्व्हरची बाह्यरेषा काढायची. घडीच्या होल्स्टरमध्ये टाक्यांची रेघ त्या रेषेपासून रिव्हॉल्व्हरच्या निम्म्या जाडीइतकी अधिक चामड्याच्या जाडीइतकी दूर, हा सुरुवातीचा अंदाज. के चौकटीचा सिलिंडर सुमारे दीड इंच रुंद असतो, त्यावरून हिशेब करावा. दोन थरांत शिवणीलगत चामड्याची एक पट्टी घालतात, नाहीतर नळीवरची नेम धरायची माशी हळूहळू दोरा कापते. टाके इंचाला पाच-सहा, मेण लावलेला दोरा, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन सुया समोरासमोर. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा फक्त एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजला की ओळ सुटत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो.

शिवून झालं की कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबत आले की बाहेर काढायचं. ओलं चिंब झालं तर रेषा उमटत नाहीत. आत खरी बंदूक नव्हे, त्याच मापाची प्लॅस्टिकची नक्कल घालावी. माशीच्या वर एक बारीक लाकडी काठी चिकटवली की तिच्यासाठी वाट तयार होते. मग गुळगुळीत हाडाने ट्रिगर गार्ड आणि सिलिंडरच्या कडा दाबत जायचं. रिव्हॉल्व्हरला चामडं शोभतं ते इथे. सिलिंडरचा फुगवटा वाळलेल्या चामड्यात अडकतो आणि पट्टा नसतानाही रिव्हॉल्व्हर जागेवर राहतं. वाळवताना ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये. घाई करून ओव्हनमध्ये भाजलेलं चामडं ठिसूळ होतं, वर्षभरात घडीवर चिरतं.

नवं होल्स्टर घट्टच असतं. त्याला तेल पाजणं ही सर्रास होणारी चूक, चामडं मऊ पडलं की साचा गेला. रिकामं रिव्हॉल्व्हर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवावं, तेवढा सैलपणा पुरतो. जुनं, लुळं पडलेलं होल्स्टर मात्र कितीही देखणं असलं तरी भिंतीवर टांगावं. त्याची कड आत दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरते आणि बंदूक परत आत सारताना गोळी सुटते. तोंडाला जास्तीची पट्टी लावतात ती यासाठीच. घरी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवू नये, टॅनिन आणि ओल मिळून पोलादावर खड्डे पाडतात. काडतुसंही चामडी पट्ट्याच्या घरांत राहिली की हिरवी पडतात.

कायडेक्स नावाचं गरम करून वळवायचं प्लॅस्टिक आल्यापासून चामड्याची गरज उरली नाही असं म्हणणारे पुष्कळ. पावसात आणि घामात ते उजवंच. ते स्वस्तही पडतं आणि लवकर तयार होतं. फक्त ते बंदुकीच्या पॉलिशवर ओरखडे ओढतं, आणि जुन्या निळसर पॉलिशच्या स्मिथचा मालक तेवढ्यासाठी चांगल्या कारागिराकडे महिनोन्‌महिने थांबतो. मागणी देताना त्याला मॉडेलचं नाव पुरत नाही. नळीची लांबी, नळीखाली पूर्ण लांबीचा जाड पट्टा आहे की नाही, उजवा हात की डावा, आणि कमरपट्ट्याची रुंदी कळवावी. दीड इंची खाचेत सव्वा इंची पट्टा घातला की होल्स्टर डुलतं. पट्टाही दोन थरांचा, ताठ हवा. ऑफिसच्या पातळ पट्ट्यावर एक किलोचं रिव्हॉल्व्हर बाहेर कलतं आणि दोष विनाकारण होल्स्टरवाल्याला जातो.