तेवढा फोल्डर उडवू नका

नोकरी सोडून स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर म्हणून उभा राहिलो तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर मावेल ते सगळं छापलं होतं: जावा, डेटाबेस, क्लाऊड, वेबसाइट, मोबाइल ॲप, सपोर्ट. नेमकं एक काय धरायचं, याचं उत्तर पुण्यात मात्र ज्याच्या त्याच्याकडे तयार असतं. एक मित्र म्हणाला, ‘एसएपी धर. कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा मेंटेनन्स 2027 अखेर संपतोय, सगळ्यांना नव्या एस-फोर हानावर जावंच लागणार.’ म्हणणं खोटं नव्हतं, पण प्रोजेक्टचा अनुभव नसलेल्याला तिथे दारात उभं करत नाहीत. दुसऱ्याने क्लाऊडची सर्टिफिकेट्स सुचवली. मेव्हण्याने एआय. तो स्वतः बँकेत आहे.

अशातच एका सकाळी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मंडळी. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, उघडत नव्हतं, इनव्हॉइस निघत नव्हतं आणि माल भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या होत्या. पाच कोटींवर उलाढाल असली की ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं, त्यात ठराविक रकमेवरच्या मालाला वाहतुकीसाठी ई-वे बिल. त्यामुळे हाताने बिल फाडून गाडी सोडण्याची सोय नाही. समोरची मोटार कंपनी स्टॉक ठेवत नाही. माल वेळेवर पोचला नाही तर सरळ डेबिट नोट येते, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले जातात.

मी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना तिथल्या आयटीच्या मुलाचा पुन्हा फोन आला. ‘सर, डिस्क शंभर टक्के भरलीय. पीजी-वॉल नावाचा फोल्डर सगळ्यात मोठा आहे. नुसते लॉगच दिसतायत. उडवू का?’

‘बाळा, हात लावू नकोस. मी येईपर्यंत कीबोर्डपासूनच लांब बस.’

तिथला ईआरपी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालत होता. पोस्टग्रेसमध्ये कुठलाही बदल आधी या फोल्डरात नोंदला जातो आणि मूळ तक्त्यांच्या फाइलींत सावकाश उतरतो. आधी रोजकीर्द, मग खतावणी. कीर्दच फाडून टाकली तर खतावणी कुठवर झाली होती हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि डेटाबेस कदाचित परत उठणारही नाही. 9.6 आवृत्तीपर्यंत या फोल्डरचं नाव पीजी-एक्सलॉग होतं. नावात ‘लॉग’ दिसला की लोक जागा करायला तोच साफ करायचे, म्हणून 2017 साली दहाव्या आवृत्तीत नाव बदललं. मोह तेवढा शिल्लक आहे.

जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर, शेजारी टूं-टूं करणारा यूपीएस, आणि दारात डिस्पॅचचे साहेब दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत उभे. फोल्डरात 16 एमबीच्या फाइलींची रांग संपता संपत नव्हती. डेटाबेस तर सुरूच होईना, कारण सुरू व्हायलाही थोडी जागा लागते. त्याच डिस्कवर गेल्या वर्षीचे बॅकअप पडले होते. ते बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवले, प्रत नीट उतरली का ते तपासलं, मग इथले काढले. डेटाबेस उठला. लगेच इनव्हॉइस काढायला द्या म्हणून दारातून आग्रह सुरू झाला, पण कारण सापडल्याशिवाय मी ते करू देणार नव्हतो. मोकळी केलेली जागाही भरलीच असती.

रेप्लिकेशन स्लॉटची, म्हणजे डेटाची नक्कल घेणाऱ्या मशीनसाठी राखलेल्या जागांची, यादी काढली. एकच ओळ. ‘ॲक्टिव्ह’च्या रकान्यात एफ, म्हणजे पलीकडे कुणीच नाही.

मुलाला विचारलं, ‘इथून दुसऱ्या कुठल्या मशीनला डेटा जात होता का रे?’

‘हो सर, डॅशबोर्डवाल्यांचा सर्व्हर होता. त्यांचं बिलावरून फिस्कटलं, मशीन घेऊन गेले.’

मशीन गेलं, स्लॉट राहिला. स्लॉटचा अर्थ असा की पलीकडच्याने घेतल्याशिवाय मूळ सर्व्हर एकही नोंद टाकत नाही. नेलेलं मशीन कधीतरी परत येईल म्हणून हा इमानाने सगळं साठवत बसला होता. तेराव्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते, तीही मुद्दाम घातली तरच. इथे बारावी होती. स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला, म्हणजे साठलेल्या नोंदी मूळ फाइलींत उतरवायला लावल्या, आणि फोल्डरातल्या फाइलींची यादी परत मागवली, तर ती एका स्क्रीनवर मावली. थोड्या वेळाने गेटवरून पहिली गाडी हलली.

दुपारी अकाउंट्सच्या मॅडम पीओ, म्हणजे कामाची ऑर्डर, करायला बसल्या. ‘कामाचं वर्णन काय लिहू? नुसतं आयटी सर्व्हिसेस लिहिलं तर साहेब परत पाठवतात.’ मी सांगितलं, पोस्टग्रेस डेटाबेस दुरुस्ती. मालकांनी ते वाचलं, माझं कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाले, ‘वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करू या, पण या कामाचं. वेबसाइटला आमचा भाचा आहे.’

कार्डावरच्या बहुतेक कामांना कुठल्याही कारखान्यात एखादा भाचा असतोच. डेटाबेसला नव्हता. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरच्या हिशेबाने परवडत नाही म्हणून कितीतरी ईआरपीवाले पोस्टग्रेस बसवून देतात. सॉफ्टवेअरवाला स्क्रीनपुरतं बघतो, हार्डवेअरवाला मशीनपुरतं, आणि मधला डेटाबेस बेवारस. मला ही मधली जागा ओळखीची होती. नोकरीत रात्रपाळीला तेच केलं होतं, फक्त त्याला कधी कौशल्य म्हणून मोजलं नव्हतं. आता कार्डावर एकच ओळ आहे. सुरुवातीचे काही महिने त्या ओळीने चांगलेच कोरडे काढायला लावले, वेबसाइटची कामं परत पाठवताना बायकोने भुवया उंचावल्या, हेही खरं. लहान उद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मात्र लगेच केली. कॉन्ट्रॅक्ट लेखी असलं तरी लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट अडकू शकते. हे अकाउंट्सला कळतं.

एसएपीवाला मित्र अजून टोचतो: सगळे क्लाऊडवर गेले की तू काय करणार? बेवारस स्लॉट आरडीएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाऊडवरच्या डेटाबेस सेवेतही, अशीच डिस्क भरतो, हे त्याला सांगून झालंय. बाराव्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर 2024 मध्ये संपला, म्हणून चाकणला अपग्रेडचा विषय काढला तेव्हा क्लाऊडचाही पर्याय ठेवला होता. मालक म्हणाले, ‘आणि नेट गेलं तर इनव्हॉइस कसं काढायचं?’ ई-इनव्हॉइसला तसंही नेट लागतंच, पण ते मी बोललो नाही.