आईला मुंबईला हलवू का?

मे महिना संपला, चाकरमानी परत मुंबईला गेले, पाऊस लागला की हे फोन सुरू होतात. "सिस्टर, आई ॲडमिट आहे तिकडे, मुंबईला आणू का? की बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात न्यायची? की तिथेच कुठेतरी प्रायव्हेटला टाकू?" मी सिंधुदुर्गात नर्स आहे, आधी खाजगीत होते, आता सरकारीत, आणि अर्ध्या तालुक्याकडे माझा नंबर आहे असं मला वाटायला लागलंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

आधी सोपा भाग. हार्ट अटॅक, मेंदूत रक्तस्राव, डोक्याला जबर मार, म्हणजे जिथे ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी लागणार आणि ती सोय इथे नाही, तिथे डॉक्टर हलवा म्हणाले की हलवा. मला फोन लावत बसू नका, १०८ ला लावा.

पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या आईला यातलं काहीच नसतं. ताप असतो, न्यूमोनिया असतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो, नाहीतर खुब्याचं ऑपरेशन होऊन ती पडून असते. या आजारांत औषधं इथे काय नि मुंबईत काय, जवळपास तीच. फरक पडतो तो औषध दिल्यावर पुढचे बारा तास तिच्याकडे कोण बघतंय यात. म्हणून मी उलट विचारते, रात्री त्या वॉर्डात पेशंट किती आणि सिस्टर किती? पलीकडे शांतता. एसी रूम आहे का, सीटी स्कॅन आहे का, मोठे डॉक्टर कधी येतात हे सगळं विचारून झालेलं असतं, हे मात्र कोणीच विचारलेलं नसतं.

हिशोब करून बघा ना. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे ७२० मिनिटं. वॉर्डात ३० पेशंट आणि सिस्टर एक, म्हणजे तुमच्या आईच्या वाट्याला अख्ख्या रात्रीत २४ मिनिटं, आणि त्यातच इंजेक्शनं, सलाईन बदलणं, बीपी, चार्ट लिहिणं, नवीन ॲडमिशन, आणि वर नातेवाईकांची भांडणं. सहा पेशंट असतील तर तेच दोन तास होतात. जनरल वॉर्डला साधारण सहा बेडमागे एक नर्स, आयसीयूत एका बेडला एक, आणि रजा धरून ३० टक्के जादा, हा सरकारी निकष आपल्याकडे कित्येक वर्षं आहे. कागदावर आहे, वॉर्डात कधी दिसतो ते मी काय सांगू. २००२ साली लिंडा एकेन या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं तपासली होती, त्यात निघालं की नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटची ३० दिवसांत मरण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. तिकडे कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे किती पेशंट चालतील याचा कायदाच आहे. आमच्या इथल्या कुठल्याही नाईटवाल्या सिस्टरला विचारा, ती हे अमेरिकेत न जाता सांगेल.

बघणं म्हणजे काय तेही सांगते. लावणीच्या दिवसात चिखलात उभं राहून लेप्टो होतो, आणि त्यात किडनीवर ताण आला की लघवी कमी होते, ती खूण वेळेत धरावी लागते. ५० किलोच्या बाईला तासाला निदान २५ मिली तरी व्हायला हवी. ती कोणीतरी मापात ओतून, बघून, वेळेसकट लिहायला लागते. "झाली दोनदा" असं सुनेने सांगितलेलं चालत नाही, आणि मावशींनी घाईत भांडं मोरीत रिकामं केलं तर तो आकडा कायमचा गेला.

नाहीतर सर्पदंश घ्या. फुरसं नाहीतर घोणस चावलाय असा संशय असला की आम्ही दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या ट्यूबमध्ये घेऊन २० मिनिटं ठेवतो. हलवायचं नाही, मधेच उचलून बघायचं नाही, ट्यूब साबणाने धुतलेली तर अजिबात नको, नाहीतर रिझल्ट खोटा येतो. २० मिनिटांनी एकदाच आडवी करायची, रक्त वाहिलं म्हणजे गोठत नाहीये, म्हणजे विष भिनलंय. याला मशीन लागत नाही, घड्याळ आणि जागेवर असलेलं माणूस लागतं. मग सर्पविषावरचं औषध (अँटिव्हेनम) सलाईनमधून चालू झालं की त्याची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचं आणि पेशंटजवळच थांबायचं, अंगावर पित्त उठतंय का, धाप लागतेय का, ते बघत. त्याच वेळी बाकी २९ जणांकडे कोण बघणार, हा प्रश्न आहेच.

एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. कुठल्याही वॉर्डातले चार्ट चाळून बघा, श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचे २०. न्यूमोनियावाली २०, हर्नियावाला २०. म्हणजे कोणी मोजलेच नाहीत, कारण श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला लागतो आणि ते मिनिट कोणाकडे नसतं. आणि बिघडताना पेशंटचा श्वास बहुतेक वेळा बीपीच्या आधी वाढतो. एखादी आजी नुसतं "सिस्टर, माका बरा वाटना नाय" म्हणते, बीपी अगदी छान असतं, पण शेजारी मिनिटभर उभं राहून मोजलं तर श्वास ३२ भरतात. तिथून डॉक्टरांना फोन केलेला आणि दोन तासांनी केलेला यात फार फरक आहे.

सरकारी की खाजगी, याचं उत्तर म्हणून मी एका शब्दात देत नाही. सरकारीत रजिस्टर्ड सिस्टर असते पण वॉर्ड भरून पेशंट खाली गादीवर असतात. छोट्या खाजगीत पेशंट कमी, पण रात्री ड्युटीवरची मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएससी नर्सिंग झालेली, नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर असलेली आहे का, हे विचारायलाच हवं, लाजू नका. आणि कोणी दोन-चार दिवस पडून असेल तर चादर वर करून टाचा आणि माकडहाड बघा. लाल झालं असेल तर कूस बदलली जात नाहीये. दर दोन तासांनी बदलायची असते, दोन माणसं लागतात, तुम्ही हात लावलात तर आम्हाला आवडेलच. फक्त कृपा करून गुंगीत असलेल्या आईला आडवं ठेवून पेज पाजू नका, ती पोटात जात नाही, फुफ्फुसात जाते.

आणि एवढं ऐकूनही मुंबईला न्यायचंच ठरलं, तर दहा-बारा तासांचा रस्ता आहे हे धरून चाला. ऑक्सिजन पुरेल का ते आधी विचारा, निघताना चार्टचे फोटो काढून घ्या, अँटिबायोटिकचा शेवटचा डोस किती वाजता गेला आणि शेवटची लघवी किती वाजता, किती मिली झाली ते सिस्टरकडून लिहून घ्या. तिकडची सिस्टर आल्या आल्या तेच विचारणार आहे.