दिवे लागल्यानंतरचं मालवण

मालवणला येणारे बहुतेक जण दिवसाचंच मालवण बघून जातात. सकाळी होडीनं सिंधुदुर्ग, दुपारी तारकर्लीला स्कूबा, मग थाळी आणि परतीची गाडी. मला हे गाव दिवेलागणीनंतर जास्त आवडतं. म्हणून या खेपेला बाजारपेठेतच खोली घेतली आणि ऊन उतरल्यावर पायी बाहेर पडलो.

आधी बंदरावर गेलो. मासळीचा लिलाव रंगात आला होता. वाळूवर बांगड्यांचे ढीग, भोवती माणसांचं कोंडाळं, आणि बोली सुटली की पाटी डोक्यावर घेऊन तरातरा निघणाऱ्या बायका. रात्री गावात कुठं काय शिजणार, ते इथंच ठरतं. समोर पाण्यात किल्ला. १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधून घेतला.

बाजारपेठेचा रस्ता अरुंद आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी कौलारू घरं अजून बरीच आहेत, पण मधेच एखादं घर पाडून तिथं काचेच्या तोंडाचं लॉज उभं राहिलेलं दिसतं. लॉजबद्दल माझी तक्रार नाही. पर्यटक आले म्हणून मुंबईची वाट न धरता गावातच राहिलेली पोरं मला भेटली आणि त्यांचं बोलणं ऐकून बरं वाटलं. वाईट वाटतं ते मेनूकार्डांचं. हाकेच्या अंतरावर ताजी मासळी उतरते आणि फलकावर मात्र पनीर टिक्का, शेजवान राइस!

माझं जेवण झालं एका घरगुती खानावळीत, माजघरात मांडलेल्या चार टेबलांवर. काकींनी आतूनच विचारलं, "इसवण संपली. बांगडे हत, चलतीत मा?" इसवण म्हणजे सुरमई. पण बांगडे न चालायला काय झालं? बांगड्याचं तिखलं आलं. दाट, लालभडक, अंगाबरोबरचा रस आणि त्यात मसाल्याची म्हणून ठेचून घातलेली तिरफळं. तिरफळ खायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. पण त्याचा वास रश्शात असा मुरलेला असतो की पहिल्या घासालाच जिभेला किंचित झिणझिण्या येतात. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि आमसुलाची सोलकढी, नारळाचा रस तेव्हाच काढलेला आणि लसूण जाणवेल इतकीच. पैसे देताना काकी म्हणाल्या, "आमच्या वाडीत आज नाटक आसा, येवा."

नाटक म्हणजे दशावतार, देवळाच्या जत्रेत होणारं पौराणिक नाटक. कोकणातली खरी रात्र ही. दहा वाजून गेल्यावर देवळापाशी पोचलो. आडोशाला पत्र्याची ट्रंक उघडी टाकून नट स्वतःच्या हातानं रंग लावत होते. राणीचं काम करणारा बाप्या आरशात बघून पदराच्या निऱ्या पुन्हा पुन्हा नीट करत होता. रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच राजाचं सिंहासन आणि तेवढंच नेपथ्य. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं असतं आणि बोलणं तिथल्या तिथं सुचतं. त्या रात्री राजा आणि राक्षस यांचा वाद असा पेटला की पुढं बसलेल्या आजी राक्षसावर मोठ्यानं ओरडल्या आणि त्यानं थेट त्यांनाच फिरून उत्तर दिलं. सगळं आवार हसलं, पण आजी काही मागं हटल्या नाहीत.

देवळाबाहेर भजी, चहा आणि खाजाची दुकानं होती. बेसनाचे तळलेले जाड तुकडे आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेले. मध्यरात्री गरम चहाबरोबर ते खावेत, दुपारी बसस्टँडवर घेतलेल्या पुडीत ती गंमत येत नाही. मुंबईहून जत्रेसाठी आलेले चाकरमानी तिथंच घोळक्यानं उभे होते, आणि लॉजवर उतरलेली पुण्याची एक जोडीही मांडी घालून शेवटपर्यंत बसली होती.

तुम्हाला जायचं असेल तर कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत कधीही जा, जत्रांचे दिवस तेच. जूनजुलैत मासेमारी बंद असते, ताज्या मासळीसाठी ते दोन महिने टाळा. आज कुठल्या वाडीत नाटक आहे हे मोबाइलवर शोधत बसू नका. खानावळीत किंवा रिक्षावाल्या दादांना विचारा, ते नाटक कंपनीचं नाव आणि राजा कोण करणार तेही सांगतील. अंगावर घ्यायला शाल न्या आणि परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.