‘काम नाही करत, घरीच असते’

“मॅडम, मी काम नाही करत. घरीच असते.”

फेब्रुवारीत दिघ्यातल्या एका चाळीत फॉर्म भरताना ताईंनी हे सांगितलं आणि मी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून पुढच्या प्रश्नावर गेले. त्या एका शब्दावर मी अजून अडकून आहे.

आम्ही ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजतो आणि जास्त निघालं तर ते कुठून येतंय ते घरात जाऊन शोधतो. संशोधकांना आकडा हवा असतो, आईला उत्तर हवं असतं. मी समन्वयक, दोघांच्या मधे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आलं की स्रोत शोधायचा. तो आकडा घरी जाऊन सांगायचाच, अभ्यास संपेपर्यंत फायलीत ठेवायचा नाही, हे वाक्य मी भांडून संमतिपत्रात घालून घेतलं होतं.

ताईंच्या चार वर्षांच्या मुलीच्या बोटाच्या थेंबात २३ आले. पण बोटावर शिशाची धूळ असली तर ती थेंबात मिसळते आणि आकडा खोटा चढतो. म्हणून आधी साबणाने दोनदा हात धुवायचे, टॉवेलला न पुसता कोऱ्या टिश्यूने टिपायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा. एवढं करूनही जास्त आलं तर शिरेतून रक्त घ्यायचं, आणि तेही शिसं नसल्याची खात्री केलेल्या गडद निळ्या झाकणाच्या नळीत. नेहमीची जांभळी नळी चालत नाही. नव्या टेक्निशियनला मी हे रोज सांगते. पोराची शीर एकदा टोचून घेतली, आणि नळी चुकली, तर दुसऱ्यांदा त्या आईकडे कुठल्या तोंडाने जायचं?

शिरेतल्या रक्तात १९ आले. खरे १९.

शिसं शरीरातून काढणारी औषधं ४५च्या पुढे विचारात घेतात. १९ला मुख्य उपाय म्हणजे स्रोत बंद करायचा. ताईंनी तो कागद जवळच्या डॉक्टरांना दाखवला, तर ‘एवढं काही नाही’ म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. हा आकडा वाचायला त्यांना कुणी शिकवलं नसेल, पण कागदावर आमचा फोन नंबर होता. एक फोन करायला काय हरकत होती?

शनिवारी आम्ही दोघं त्या घरी गेलो. धातू ओळखणारं, हातात धरायचं एक्स-रे यंत्र दोनच दिवसांसाठी मिळालं होतं. भिंतींना चुना, म्हणजे शिसंवाल्या जुन्या ऑइलपेंटचा प्रश्न नाही. हळद तपासली, कारण पिवळेपणासाठी तिच्यात कधीकधी शिशाचं क्रोमेट घालतात. मग कुंकू, काजळ, पातेली, खेळणी. वडील टेम्पो चालवतात, त्यांचे कपडेही तपासले. दोन तास गेले, हाती काही नाही. सहकारी म्हणाला, “स्रोत अज्ञात लिहू, रबाळ्याची दोन घरं राहिलीत.” अर्धवट शोधून अज्ञात लिहिण्याची ही सवय मला सहन होत नाही.

तेवढ्यात आजींनी चहा ठेवायला जागा करावी म्हणून कॉटखालून एक पाट पुढे ओढला. त्यावर लाइटच्या माळा, सोल्डरिंगची कावी आणि सोल्डरच्या तारेचं रीळ.

“हे काय, ताई?”

“हे होय? हे काम नाही हो, बसल्या बसल्या करते. डझनावर देतात.”

रिळावर ६०/४० छापलेलं होतं, म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. पाटावर यंत्र धरलं आणि शिशाचा आकडा उसळला. ताई धुराला घाबरून खिडकी उघडी ठेवायच्या. पण तो धूर मुख्यतः सोल्डरच्या तारेतल्या राळेचा. कावीच्या उष्णतेला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसं होतं तार धरणाऱ्या बोटांवर आणि फरशीवर सांडलेल्या बारीक कणांत. त्याच बोटांनी त्या मुलीला वरणभात भरवत होत्या. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात.

“म्हणजे मीच दिलं का तिला?”

मी तारेबद्दल, रिळाबद्दल बोलत राहिले. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “हे सोडलं तर बालवाडीची फी?” त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरवण्याआधी साबणाने हात धुवा, कामाची साडी वेगळी ठेवा, झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, पालेभाजी आणि नाचणी द्या, लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, एवढं सांगून आले.

आमची प्रश्नावली इंग्रजीतून आली, मराठी आम्हीच केली. ‘व्यवसाय’ हा शब्द या घरांत कुणी स्वतःसाठी वापरत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. आता मी प्रश्न लिहिलाय: “घरात बसून कुणी काही जोडतं, चिकटवतं, वितळवतं का?” प्रकल्पप्रमुख म्हणतात, मधेच प्रश्न बदलला तर आधीच्या घरांशी तुलना होणार नाही. त्यांचं बरोबर आहे. मग आधीच्या सगळ्या घरांत परत जाऊन नव्याने विचारूया, असं मी म्हणते. त्यावर अजून निर्णय नाही.

जूनमध्ये मुलीचा आकडा १३ झाला. ताईंनी माळांचं काम बाहेर गॅलरीत हलवलंय. त्याच गॅलरीत शेजारचं चौदा महिन्यांचं बाळ रांगतं. आमच्या अभ्यासाची अट ३ ते ६ वर्षं, म्हणून ते यादीत बसत नाही. वयाची अट बदलावी म्हणून अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीला पत्र दिलंय, उत्तर यायचंय. सोमवारी मी सुई न घेता जाणार आहे, पाटाखाली अंथरायला जाड प्लॅस्टिक घेऊन.